मोठ्यांच्या वर्गात गुलामगिरीचा इतिहास शिकवायचाय? जहाजापासून नको, कागदापासून सुरू करा

मोठ्या माणसांना अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल शिकवायचं म्हटलं की आपण बहुतेक जण जहाजापासून सुरू करतो. साखळदंड, चाबूक, फळीवर कोंबून ठेवलेली माणसं, ते चित्र पडद्यावर लावायचं आणि वर्ग सुन्न झाला की वाटतं चला, पोचलं. मीपण माझ्या प्रौढ साक्षरतेच्या वर्गात पहिल्यांदा तसंच केलं होतं. सगळे गप्प झाले, दोघी रडल्या, आणि पुढच्या आठवड्यात निम्मे लोक आलेच नाहीत. नंतर त्यातली एक भेटली तर म्हणाली, किती सोसलं हो बिचाऱ्यांनी, पण मला ते परत नाही बघवणार. ते "बिचारे" माझ्या डोक्यात बसलं ते आजपर्यंत. दीड तास शिकवून मी लाखो माणसांना नुसतं बिचारं करून ठेवलं होतं, ती माणसं कशी पळाली, चोरून लिहायला कशी शिकली, कोर्टात कशी गेली, स्वतःच्या मजुरीचा हिशोब कसा मागितला, यातलं एक अक्षर मी वर्गात आणलं नव्हतं.

तेव्हापासून मी सगळं जुन्या कागदांवरून शिकवते. कोर्टाचे निकाल, कायद्याची कलमं, पळून गेलेल्यांच्या जाहिराती, जनगणनेचे तक्ते, पत्रं. यातलं बरंचसं अमेरिकेतल्या सरकारी अभिलेखागारांनी आणि विद्यापीठांनी स्कॅन करून ठेवलंय, फुकट मिळतं. आपण आपल्या भाषेत साधा अनुवाद करायचा, मोठ्या अक्षरात प्रिंट काढायची. कागद वापरायचं कारण हे की गुलामगिरी आभाळातून पडली नव्हती, ती माणसांनी कलमं लिहून, पावत्या करून, नोंदी ठेवून उभी केली आणि हे हातात कागद धरल्यावर जसं कळतं तसं चित्र बघून कळत नाही. शिवाय मोठ्या माणसांना कागदाची ताकद माहीत असते. सही, शिक्का, नाव चुकलेलं कार्ड, हे सगळं त्यांनी भोगलेलं असतं, लहान मुलांना ते समजावून सांगावं लागतं.

पहिला तास: तीन माणसं, एक गुन्हा

मी नेहमी या एकाच प्रकरणाने सुरू करते. साल १६४०, व्हर्जिनिया, तेव्हा इंग्रजांची वसाहत. तीन नोकर मालकाकडून पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, आणि तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकन. इथे थांबायचं. पुढचं सांगायचं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची आणि म्हणायचं तुम्ही न्यायाधीश आहात, शिक्षा लिहा. लोक तिघांना सारखीच शिक्षा लिहितात, कारण गुन्हा एकच, पळाले एकत्र, सापडले एकत्र. मग निकाल वाचायचा. तिघांनाही तीस तीस फटके. दोघा गोऱ्यांची नोकरीची मुदत चार वर्षांनी वाढवली, आणि जॉन पंचने मात्र मरेपर्यंत मालकाची चाकरी करायची.

यानंतर लगेच भाषण सुरू करू नका, मला स्वतःला ती सवय मोडायला फार वेळ लागला. दोन मिनिटं शांतता राहू द्या, कुणीतरी बोलतंच.

मग हळूहळू पुढचे कागद. १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकन माणसं उतरवली गेली तेव्हा तिथे जन्मभराच्या, पिढीजात गुलामीचा पक्का कायदा नव्हता. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकन माणूस तिथेच मोकळा झाला आणि १६५१ पर्यंत २५० एकर जमीन त्याच्या नावावर होती. म्हणजे गोष्ट वेगळ्या वाटेने जाऊ शकली असती. पण १६६२ चा कायदा आला की मूल आईच्या दर्जाचं धरायचं, आई गुलाम तर मूल गुलाम. हा एक कायदा वर्गात सावकाश वाचा. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचं नाव आणि दर्जा घ्यायचं, इथे मुद्दाम उलटं केलं, म्हणजे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं मूल त्याचीच मालमत्ता. बायका हे ऐकून जे बोलतात त्याला वेळ द्या, घड्याळ बघू नका. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन या मळेवाल्याने व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे आणि काळे मजूर एका बाजूने लढले, वसाहतीची राजधानी जेम्सटाउन जाळलं गेलं, आणि त्यानंतरच्या काळात कायदे आणखी कडक होत गेले. १७०५ च्या कायद्यात तर लिहिलंय की गोऱ्या ख्रिश्चन नोकराला न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय उघडं करून फटके मारायचे नाहीत. गोऱ्या गरिबाला थोडंसं वर उचललं, म्हणजे त्याने खालच्याशी हात मिळवू नये.

पूर्वग्रह कसा तयार होतो हे समजावायला मला याहून चांगलं साधन मिळालेलं नाही. आधी द्वेष होता म्हणून गुलामी आली असं लोकांना वाटत असतं. कागद लावून बघितले की दिसतं की दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढले, आणि पैसा जितका गुंतत गेला तितका पूर्वग्रह पक्का झाला. १७९३ मध्ये कापसातली सरकी काढायचं यंत्र आलं, कापसाचा नफा वाढला, आणि १७९० ला साधारण ७ लाख असलेली गुलामीतल्या माणसांची संख्या १८६० ला जवळजवळ ४० लाख झाली. त्याच काळात "ही माणसं मुळातच कमी बुद्धीची" असं सांगणारे डॉक्टर, पाद्री, प्राध्यापक उभे राहिले.

जाहिरात उलटी वाचायला शिकवा

पळून गेलेल्या माणसांना पकडून आणण्यासाठी मालक वर्तमानपत्रात जाहिराती द्यायचे, अशा हजारो जाहिराती शिल्लक आहेत. चारपाच निवडून गटागटात द्या आणि एकच काम सांगा, मालकाच्या तोंडून त्या माणसाबद्दल काय काय निसटलंय ते शोधा. यात गंमत अशी की माणूस परत हवा असेल तर मालकाला खरं लिहावं लागतं. हा उत्तम सुतार आहे, दोन भाषा बोलतो, लिहिता येतं त्यामुळे स्वतःच खोटा पास (मालकाची बाहेर जायची परवानगीची चिठ्ठी) बनवला असेल, बायकोला अमक्या गावी विकलंय तर तिकडेच गेला असण्याचा संभव. अंगावरच्या खुणांचं वर्णनही असतं आणि त्या खुणा कशाच्या हे न लिहिता कळतं. म्हणजे जो माणूस सभेत सांगतो यांना बुद्धी नाही, यांना कुटुंबाची माया नाही, तोच माणूस जाहिरातीत लिहून देतोय की याला बुद्धी आहे आणि हा बायकोसाठी जीव धोक्यात घालेल. हे लोकांना स्वतः सापडू द्या, आपण सांगितलं की मजा जाते.

त्याला जोडून पळून गेलेल्यांच्या स्वतःच्या गोष्टी. हेन्री ब्राउनने १८४९ मध्ये स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलने पाठवलं. एलन क्राफ्टचा रंग उजळ होता, तिने १८४८ मध्ये आजारी गोऱ्या पुरुषाचा वेष केला आणि नवरा विल्यम तिचा नोकर बनला, जॉर्जियाहून आगगाडीने आणि बोटीने दोघं उत्तरेला पोचले. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून हात दुखावल्यासारखा गळ्यात बांधला, सही मागू नये म्हणून. माझ्या वर्गात ज्यांना सही करायला लाज वाटायची त्यांना हा हात बांधल्याचा भाग कधीच विसरायला झाला नाही. हॅरिएट टबमन स्वतः १८४९ मध्ये पळाली आणि साधारण तेरा वेळा परत जाऊन सत्तरेक माणसांना सोडवून आणलं, ती आयुष्यभर निरक्षर होती. हे जरूर सांगा, कारण साक्षरतेच्या वर्गात नकळत असा समज होतो की शिकलेलाच शूर असतो.

आणि फ्रेडरिक डग्लस, जो पुढे गुलामीतून पळाला आणि तिच्याविरुद्ध बोलणारा, लिहिणारा मोठा माणूस झाला. लहानपणी बाल्टिमोरला मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली, नवऱ्याने थांबवलं की हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोराने ते ऐकलं आणि त्याला वाट सापडली. पुढे रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून तो शब्द शिकत राहिला. गुलामीतल्या नॅट टर्नरने १८३१ मध्ये व्हर्जिनियात केलेल्या उठावानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या लोकांना शिकवण्यावरचे कायदे आणखी आवळले. तुमच्या वर्गात पन्नाशीत अक्षर गिरवणारं कुणी असेल तर हा तास त्यांचा आहे, त्यांना आधी बोलू द्या.

हिशोबाचा तास

आकडेमोड शिकवणाऱ्यांनी हे एक पत्र तरी घ्याच. १८६५ चा ऑगस्ट, अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपलंय, गुलामी मोडलीय. जॉर्डन अँडरसन हा माणूस आता ओहायोतल्या डेटनमध्ये मोकळा राहतोय, पगार घेतोय, मुलं शाळेत जातायत. टेनेसीतला जुना मालक त्याला कळवतो की परत ये, कामाला ये. जॉर्डन सांगून लिहून घेतलेल्या पत्रात उत्तर देतो की तुमच्या मनात खरंच न्याय असेल तर आधी मागची मजुरी द्या. मी ३२ वर्षं काम केलं, बायको मँडीने २० वर्षं. माझे महिन्याला २५ डॉलर, तिचे आठवड्याला २.

इथे पत्र बाजूला ठेवा आणि वर्गाला हिशोब करू द्या. ३२ गुणिले १२ गुणिले २५, झाले ९६००. २० गुणिले ५२ गुणिले २, झाले २०८०. एकूण ११,६८०. मग पत्रातला आकडा दाखवा, तोच आहे. वर व्याज वेगळं मागितलंय, आणि कपडे, डॉक्टरच्या तीन भेटी आणि मँडीचा एक दात काढल्याचा खर्च वजा करा असंही लिहिलंय. शेवटी तो आपल्या मुलींच्या सुरक्षिततेचं विचारतो, तिथे इतर मुलींचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे म्हणून. हा भाग वाचताना आवाज खाली येतो, येऊ दे.

हिशोबाचेच अजून दोन कागद जोडता येतात. १८५० चा पळालेल्या गुलामांबद्दलचा कायदा: माणसाला मालकाकडे परत पाठवायचा निकाल दिला तर अधिकाऱ्याला १० डॉलर फी, सोडून दिलं तर ५. वर्गाला विचारा असं का केलं असेल. सरकारी कारण होतं की परत पाठवायला कागदपत्रं जास्त करावी लागतात. ऐकून लोक काय म्हणतात ते बघा. दुसरा, ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या बहुतेक वसाहतींत गुलामी बंद केली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. ज्यांनी राबून आयुष्य घालवलं त्यांना एक पैसा नाही, उलट १८३८ पर्यंत "शिकाऊ" म्हणून जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबायला लावलं.

नावं

सगळ्यात जास्त परिणाम करणारा तास मात्र अगदी साधा आहे. १८६० च्या जनगणनेतला गुलामांचा तक्ता घ्या. वर मालकाचं नाव, खाली नुसत्या ओळी: वय, बाई की पुरुष, रंग. बहुतेक ठिकाणी नाव नाहीच. शेजारी त्याच भागातला १८७० चा तक्ता ठेवा, त्यात नाव, आडनाव, धंदा, घरात कोण कोण. दोन्ही टेबलावर ठेवून पाच मिनिटं बघू द्या. काही बोलू नका.

त्यानंतर मुक्त झालेल्या लोकांनी हरवलेल्या नातेवाइकांसाठी दिलेल्या जाहिराती वाचायच्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या वर्तमानपत्रात १८७७ पासून असं एक सदरच होतं, हरवलेल्या सोबत्यांचं, आणि पाद्र्यांना विनंती असायची की हे चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवा म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही कानावर जाईल. आईला शोधणारा मुलगा आता स्वतः म्हातारा झालाय, त्याला फक्त कुणी विकलं आणि कुठे विकलं एवढंच आठवतंय. आमच्या वर्गात आम्ही पण त्या मोठ्याने वाचतो, एकेकाने एकेक, वाचून झालं की खाली बसायचं, टाळ्या नाहीत, चर्चा नाही.

काय करू नये

लिलावाचं नाटक करू नका. कुणाला टेबलावर उभं करून बोली लावायची, कुणाचे हात बांधायचे, अंधारात दाटीवाटीने बसवून जहाजाचा "अनुभव" द्यायचा, हे मी लोकांना अगदी चांगल्या हेतूने करताना बघितलंय आणि त्यातून शिकणं शून्य होतं, कुणी हसतं, कुणी कायमचं दुखावतं. तसंच "गुलामगिरीचे फायदे तोटे" असला वादविवाद घेऊ नका. वर्गात कुणी काळ्या वर्णाचं असेल तर त्यांच्याकडे वळून तुम्हाला कसं वाटतं विचारू नका, ते शिकायला आलेत, साक्ष द्यायला नाही. जुन्या कागदांत अपमानाचे शब्द सर्रास येतात, ते मोठ्याने वाचायचे की गाळायचे हे वर्गाशी आधीच ठरवा. आणि शक्य तिथे "गुलाम" ऐवजी "गुलामीत ठेवलेली माणसं" म्हणा, लांब वाटतं, पण ठेवणारा कुणीतरी होता हे त्यात राहतं.

काही वाक्यं मात्र येणारच, मोठी माणसं मतं घेऊन येतात, त्यांना गप्प बसवू नका. "त्या काळी सगळ्यांना ते बरोबरच वाटायचं." मग विचारा, सगळ्यांना म्हणजे कुणाला? जे राबत होते त्यांना कधीच वाटलं नाही, आणि १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिश्चन पंथाच्या लोकांनी लेखी विरोध केलेला आहे. "आफ्रिकेतल्या लोकांनीच विकलं." हो, तिथल्या राजांनी आणि व्यापाऱ्यांनी विकलं, हे सरळ मान्य करा, मग विचारा की जहाजं, विमा, मळे आणि पिढीजात गुलामीचा कायदा कुणाचा होता, कारण साधारण सव्वा कोटी माणसं त्या जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. "चांगले मालकपण असतील की." थॉमस जेफरसनचं उदाहरण द्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान जन्मतात असं लिहिणारा आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस, आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती, आणि तो वारल्यावर १८२७ च्या जानेवारीत कर्ज फेडायला मॉन्टिचेलो या त्याच्या मळ्यावरच्या १३० जणांचा लिलाव पुकारला गेला. मालक चांगला की वाईट यावर त्या घरांचं भवितव्य अवलंबूनच नव्हतं.

तुलनाही होतील, लोक आपल्या आयुष्यातल्या जाचाशी जोडून बघतील. जोडू द्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं "गुलामगिरी" अमेरिकेतल्या त्या मुक्तिकार्यासाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. फक्त दोन गोष्टी कुठे सारख्या आणि कुठे वेगळ्या हे फळ्यावर लिहून घ्या, नाहीतर सगळं "जगात असंच चालतं" वर येऊन थांबतं.

१८६५ ला पुस्तक मिटू नका

गुलामी बंद करणारी अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरमध्ये लागू झाली, पण त्यात गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल असा अपवाद आहे, तो वाचून घ्या, कारण दक्षिणेत भटकण्यासारख्या कारणांवरून पकडलेल्या काळ्या माणसांना मळ्यांवर आणि खाणींत भाड्याने देणं त्याच वाटेने झालं. १८७० मध्ये काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला आणि पुढे दक्षिणेत वाचनाच्या परीक्षा वगैरे लावून तो काढून घेतला. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जवळचा, कारण इथे आपल्यासारख्या वर्गांची गोष्ट सुरू होते.

साउथ कॅरोलायनाच्या जॉन्स आयलंडवर ईसॉ जेंकिन्स नावाचा माणूस बस चालवायचा, कामाला जाणाऱ्या लोकांना चार्ल्सटनला नेता आणताना बसमध्येच राज्यघटनेचा तो उतारा शिकवायचा जो मतदार नोंदणीला वाचून दाखवावा लागे. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या NAACP या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये नोकरीवरून काढलं होतं, ती त्याच्याबरोबर उभी राहिली. १९५७ च्या जानेवारीत एका दुकानाच्या मागच्या खोलीत चौदा मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला, शिकवायला मुद्दाम पेशाने शिक्षक नसलेली व्यक्ती घेतली, बर्निस रॉबिन्सन, केशरचना करण्याचा धंदा होता तिचा. तिने लहान मुलांची पुस्तकं बाजूला ठेवली आणि लोकांना विचारलं तुम्हाला काय शिकायचंय. सही, बायबल, टपालाने सामान मागवायचा फॉर्म, आणि मतदानाचा अर्ज. तिने तेच शिकवलं. असे वर्ग मग सगळ्या दक्षिणेत पसरले आणि त्यातून हजारो लोकांनी मतदार यादीत नावं घातली.

शेवटच्या तासाला मी नवीन काही शिकवत नाही. १८६० च्या त्या तक्त्यातली एक एक ओळ प्रत्येकाला देते, बाई, वय ३४, किंवा मुलगा, वय ६, आणि सांगते की याच्याबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय विचारावंसं वाटतं ते लिहा, गोष्ट रचू नका, नाव ठेवू नका. माहीत असलेलं दोन ओळीत संपतं. प्रश्न मात्र लोक पानभर लिहितात, जो माणूस तीन महिन्यांपूर्वी सही करायला घाबरत होता तोसुद्धा.